नऊ मिनिटांच्या अंतराने

हिल्लेल नावाचे एक गुरू सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेममध्ये होऊन गेले. त्यांची एक गोष्ट मिद्राशमध्ये, म्हणजे ज्यू धर्मातल्या जुन्या कथा-भाष्यांच्या संग्रहात येते. धडा संपवून ते निघाले, शिष्यही सोबत चालू लागले. कुठे निघालात, असं शिष्यांनी विचारलं. एक मित्स्वा पार पाडायला, म्हणाले. मित्स्वा म्हणजे देवाने सांगितलेलं कर्तव्य. कोणतं कर्तव्य? तर हमामखान्यात जाऊन अंघोळ करायची आहे. शिष्य चक्रावले. अंघोळ हे कसलं धर्मकार्य? त्यावर हिल्लेल यांचा हिशेब असा होता: राजाचे पुतळे चौकाचौकांत उभे असतात. ते घासूनपुसून ठेवायला माणूस नेमलेला असतो, त्याला पगार मिळतो, मान मिळतो. मग मी तर देवाच्या प्रतिमेतून घडलेला आहे. मला स्वतःला घासायला नको?

लहानपणी शनिवारच्या वर्गात ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ती फक्त गमतीशीर वाटली होती. आता तिशीला टेकल्यावर, महिन्याच्या एक तारखेला पगार आणि दोन तारखेला फोनवर 'यू डिझर्व्ह धिस' अशा जाहिराती यायला लागल्यावर ती वारंवार आठवते. कारण हिल्लेल यांच्या उत्तरात 'डिझर्व्ह' हा शब्द कुठेच नाही. मी आठवडाभर राबलो, म्हणून मला गरम पाण्याचा हक्क आहे, असं ते म्हणत नाहीत. ते स्वतःकडे राजाच्या मालमत्तेसारखं बघतात. साफसफाईचं काम त्यांच्याकडे आहे, मालकी त्यांच्याकडे नाही.

हा फरक कागदावर बारीक दिसतो. गेल्या वर्षी आमच्या घरात तो चांगलाच मोठा झाला. पण त्याआधी थोडं घराबद्दल सांगते.

आम्ही बेने इस्राएल. ठाण्याचे. त्याआधी अलिबागकडचे, आणि त्याच्याही आधी, आमच्यात सांगतात त्याप्रमाणे, नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुषांचे आणि सात बायकांचे. कोकणात आमच्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. मला हे नाव फार आवडतं. यांची प्रार्थनेची भाषा कोणती, ग्रंथ कोणता, याच्याशी गावाला देणंघेणं नव्हतं. हे लोक आठवड्यातून एक दिवस कमाई सोडून स्वस्थ बसतात, एवढं गावाने पाहिलं आणि तीच ओळख ठेवली. सुट्टी हीच ज्यांची जात झाली असे आम्हीच असू!

तर शब्बाथ, शुक्रवारचा सूर्यास्त ते शनिवारची रात्र. त्या दिवशी आनंद करणं ऐच्छिक नाही. तीन जेवणं करायची, त्यातल्या त्यात चांगलं शिजवायचं, धुतलेले कपडे घालायचे, झोप काढायची. याला 'ओनेग शब्बाथ' म्हणतात, शब्बाथचं सुख. ही कल्पना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातल्या 58व्या अध्यायातून आली आहे. त्या अध्यायाकडे मी परत येणार आहे. आमच्याकडे शुक्रवारी कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधातला, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. त्या एका नियमामुळे आमची सगळी पाककला नारळावर उभी आहे. मासा असेल तर पर आणि खवले असलेलाच. कोळंबी नाही, खेकडे नाहीत, तिसऱ्या नाहीत. कोकणात राहून हे पाळणं म्हणजे काय, हे मालवणी मैत्रिणीच्या घरी गणपतीनंतरच्या जेवणाला बसल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट इथेच बोलून टाकते. शब्बाथच्या सुखाबद्दल लिहिणारे जवळपास सगळे पुरुष होते. शुक्रवारी आई शाळेतून साडेतीनला यायची, आणि दिवे लागायच्या आत दोन जेवणं, लादी, कपडे, सगळं उरकायची. सूर्य बुडाला की तिची विश्रांती सुरू व्हायची, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. सेल्फ-केअरचा हा आठवडी दिवस कुणाच्या पाठीवर उभा आहे, हे विचारायला आमच्या घरात दोन पिढ्या लागल्या. आता रस्सा मी करते आणि नारळाचं दूध पाकिटातलं असतं. आई चव घेऊन काही बोलत नाही. तिच्या न बोलण्यात बरंच काही असतं.

उपभोगाबद्दल या परंपरेचं म्हणणं एका वाक्यात बसत नाही, आणि मला तेच बरं वाटतं. जेरुसलेमच्या तालमूदमध्ये असं मत येतं, की डोळ्यांना दिसलेली चांगली गोष्ट खायला मिळत असून जो खात नाही, त्याला त्याचा जाब द्यावा लागेल. एक रब्बी तर गरिबीतही चिल्लर साठवायचे आणि वर्षातून एकदा प्रत्येक प्रकारचं फळ चाखायचे. दुसरीकडे बाबिलोनच्या तालमूदमध्ये म्हटलं आहे, की आशीर्वाद न म्हणता जो या जगातलं काही उपभोगतो त्याने जणू देवाच्या मालकीची वस्तू चोरली. म्हणजे खाल्लं नाही तर जाब, आणि न विचारता खाल्लं तर चोरी.

आमच्या घरात हे सगळं मोसमातल्या पहिल्या हापूसवर येऊन थांबायचं. पेटी आली की आई आंबा हातात घ्यायची, हुंगायची, आणि आधी शेहेहेयानू म्हणायची. या दिवसापर्यंत जिवंत ठेवलंस, असे आभार मानणारा तो आशीर्वाद आहे. वर्षातल्या पहिल्या फळाला म्हणतात, नव्या कपड्यालाही म्हणतात. मग फळाचा आशीर्वाद, मग पहिली फोड. आम्ही दोघं भावंडं तोवर ताटाकडे बघत बसलेलो. तेवढ्या अर्ध्या मिनिटात आंबा जास्त गोड होतो की नाही माहीत नाही, पण तो आंबा आहे हे नक्की लक्षात येतं. हल्ली फोनवर मालिका बघत मी चार फोडी संपवते आणि कोय हातात आल्यावर कळतं की संपलं.

आता त्यागाबद्दल. तोरामध्ये नाझीर नावाचा एक प्रकार आहे. स्वखुशीने नवस बोलायचा आणि ठरावीक काळ द्राक्षारस प्यायचा नाही, केस कापायचे नाहीत, प्रेताजवळ जायचं नाही. मुदत संपली की मंदिरात अर्पणं आणायची, आणि त्यांत एक पापार्पण. पाप कसलं? एका रब्बीचं म्हणणं, त्याने स्वतःला द्राक्षारसापासून वंचित ठेवलं तेच पाप. एका द्राक्षारसासाठी एवढं, तर जो सगळ्याच गोष्टींचा उपास करतो त्याचं काय! पण त्याच पानावर दुसरे रब्बी म्हणतात, छे, नाझीर पवित्रच, ग्रंथातच त्याला तसं म्हटलंय. तालमूद हा वाद मिटवत नाही. पुढच्या विषयावर निघून जातो.

बाराव्या शतकातले मायमोनिदीस, ज्यांना आमच्यात रामबाम म्हणतात, त्यांनी मात्र बाजू घेतली. हेवा, वासना, मानाची हाव वाईट असते, म्हणून कुणी मांस सोडेल, लग्न करणार नाही, चांगल्या घरात राहणार नाही, गोणपाट नेसेल, तर तोही वाईट मार्ग आहे, असं त्यांनी आपल्या धर्मसंहितेत स्पष्ट लिहिलं. खा, पी, झोप, पण शरीर धड राहावं म्हणून, आणि शरीर धड कशासाठी, तर उपाशी किंवा आजारी माणसाला देवाचा विचार करता येत नाही म्हणून. पुढच्याच प्रकरणात झोप किती घ्यावी, भूक लागल्याशिवाय खाऊ नये, पोट भरेस्तोवर जेवू नये, असा आहाराचा सल्ला आहे. धर्माच्या पुस्तकात बद्धकोष्ठाची चर्चा करणारा हा माणूस मला जवळचा वाटतो.

आणि त्याच माणसाचं 1199 सालचं एक पत्र आहे. त्यांच्या ग्रंथाचा हिब्रू अनुवाद करणाऱ्याला भेटायला यायचं होतं. रामबाम त्याला कळवतात, की बाबा रे, येऊन काही उपयोग नाही. मी राहतो फुस्तातला, सुलतान कैरोला. रोज सकाळी दरबारात हजेरी. दुपार उलटून गेल्यावर भुकेने कासावीस होऊन घरी येतो तो ओसरी रुग्णांनी भरलेली. त्यांना थोडं थांबा म्हणतो, कसंबसं खातो. दिवसभरात तेवढंच खाणं. मग रात्रीपर्यंत तपासणं, शेवटी थकव्याने आडवं पडून औषधं सांगणं. भूक, झोप आणि आरोग्य यांवर इतकं नेमकं लिहिणारा वैद्य साठीत असा जगत होता. मला यात ढोंग दिसत नाही. मला यात माझी आई दिसते.

तिच्याकडे जाण्याआधी या वादाची दुसरी कड. तेराव्या शतकात स्पेनमधल्या गिरोना गावचे रब्बी नाहमानिदीस यांनी एक धारदार गोष्ट लिहून ठेवली. नियम सगळे पाळूनही माणूस ओंगळ असू शकतो. मांस कोशर आहे, मग खा हवं तेवढं. द्राक्षारस कोशर आहे, मग ढोसा. तोराची परवानगी खिशात ठेवून बेताल होणारा असा माणूस असतो, आणि म्हणूनच तोरा सगळे नियम सांगून झाल्यावर वर पुन्हा 'पवित्र व्हा' असं वेगळं सांगते, असं त्यांचं म्हणणं. मॉलमध्ये मृत समुद्राच्या चिखलाचा फेसपॅक विकायला असतो ना, तो बघून मला हमखास नाहमानिदीस आठवतात. चिखल पवित्र भूमीतला असला तरी तो चिखलच. (मी घेतला होता. बरा आहे.)

रामबाम यांचंही याच्याशी जुळणारं एक मत आहे, आणि मला ते सगळ्यांत जास्त टोचतं. सणाच्या दिवशी अंगणाचं दार लावून घेऊन जो फक्त बायकामुलांबरोबर खातोपितो, गरिबाला जेवू घालत नाही, त्याचा तो आनंद धर्माचा नव्हे, पोटाचा. मेजवानी तीच, द्राक्षारस तोच. फरक फक्त दाराचा.

आता आई.

आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आधी गोळ्या, आता इन्सुलिन. वर्षभर ती पथ्य पाळते असं मी म्हणणार नाही, पण योम किप्पुरचा उपास तिने कधी सोडला नव्हता. किप्पुर म्हणजे वर्षातला सगळ्यांत कडक दिवस, साधारण 25 तासांचा निर्जळी उपास. पाण्याचा थेंब नाही, अंघोळ नाही, तेल नाही, चामड्याची चप्पल नाही. जुने बेने इस्राएल त्याला दरफाळणीचा सण म्हणायचे, दारं लावून घेण्याचा. पांढरे कपडे घालून, कुणाला न शिवता, दिवसभर प्रार्थना. माझी आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, सगळे जुने लोक म्हणायचे. किप्पुरला ती पहाटे मशिदीत जाऊन बसायची ती रात्रीच उठायची. आईने हे सगळं तिच्याकडून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या प्रार्थनेच्या वेळी आई बाकावरून उठली आणि तशीच खाली बसली. साखर 52. शोफारचं शिंग वाजत असताना मी तिच्या जिभेखाली ग्लुकोज चोळत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा हा उपास नाही. आई त्यांना हो म्हणाली आणि जिन्यात मला म्हणाली, "त्यांना काय कळतंय."

पुढचं वर्षभर हा विषय आमच्यात अधूनमधून पेटत राहिला. मी तिला सांगायची, स्वतःकडे बघ, तुझीही काही किंमत आहे, तूही स्वतःचे लाड कर. म्हणजे फोनवरच्या जाहिरातीच मी तिला मराठीत ऐकवत होते. त्या भाषेचा तिच्यावर शून्य परिणाम झाला. ती म्हणायची, "लाडच करायचे तर एक दिवस मला माझ्या मनासारखं उपाशी राहू दे." आणि एकदा भांडण हातघाईवर आल्यावर, "माझ्या देहावर माझा एवढाही हक्क नाही का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी जे बोलत होते त्याप्रमाणे तिचाच हक्क होता. देह तिचा, निवड तिची.

उत्तर लोदहून आलं. तिथे माझा मामा असतो, 1970च्या दशकात गेलेला. त्याने त्याच्या रब्बींना विचारलं आणि आईला फोन केला, स्पीकरवर. रब्बींचं म्हणणं फार लहान होतं. नाही, तुझ्या देहावर तुझा हक्क नाही. तो तुझ्याकडे सांभाळायला दिलेला आहे. डॉक्टर धोका आहे म्हणतात तर उपास करणं तुला मना आहे, आणि त्या दिवशी खाणं हाच तुझा मित्स्वा. सूट दिलेली नाही, आज्ञा दिली आहे.

हे काही त्यांनी मनाने रचलेलं नव्हतं. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ आणि किप्पुरही बाजूला ठेवायचे, हा जुना नियम आहे. आजाऱ्याला किप्पुरला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला द्यावं, जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून द्यावं, असं मिश्नामध्येच आहे. रामबाम यांनी तर लिहून ठेवलंय, की मी माझा जीव धोक्यात घालतो, इतरांना त्याचं काय, असं म्हणायची सोय नाही. 1848 साली विल्नामध्ये कॉलऱ्याची साथ होती तेव्हा इस्राएल सालांतेर नावाच्या रब्बींनी लोकांना किप्पुरच्या दिवशी खायला सांगितलं होतं. लोक बिचकले तेव्हा व्यासपीठावर उभं राहून त्यांनी स्वतःच खाल्लं, असंही सांगतात.

मला गंमत वाटली ती आईच्या चेहऱ्याची. स्वतःची काळजी घे म्हटल्यावर जी बाई वर्षभर हटली नाही, ती 'तुला परवानगी नाही' म्हटल्यावर गप्प झाली. मग तिने मामाला कामाचा प्रश्न विचारला. "खायचं कसं ते विचारलंस का?"

कसं, तर मोजून. एका वेळी ठरावीक मापापेक्षा कमी खाल्लं आणि मध्ये अंतर ठेवलं, तर ते किप्पुर मोडण्याएवढं 'खाणं' धरलं जात नाही. आजच्या हिशेबात सांगतात ते साधारण 30 मिलिलिटरपेक्षा कमी, नऊ नऊ मिनिटांच्या अंतराने. एवढ्यावर भागत नसेल तर सरळ जेवायचं. डॉक्टरांनी वेळापत्रक बघितलं, इन्सुलिनचा डोस कमी केला, दर तीन तासांनी साखर तपासायला सांगितली, आणि अमुक आकड्याच्या खाली गेली तर मिनिटं न मोजता खायचं, असं बजावलं. (कुणी हे वाचून स्वतःवर प्रयोग करू नये. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं आणि विचारायला माणसं असतात.)

आईने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं प्लास्टिकचं टोपण उकळून ठेवलं. 30ची खूण होती, तिच्या जराशी खाली तिने नेलपेंटने रेघ मारली. नेलपेंट माझं. आदल्या दिवशी मऊ भात आणि मुगाचं वरण करून ठेवलं. फोन त्या दिवशी बंद, म्हणून तिने हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ उतरवून स्वयंपाकघरात टेबलासमोर लावलं.

मी सकाळी मशिदीत जाऊन आले. ठाण्याचं आमचं सिनेगॉग 1879चं, शार हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं दार. त्या दिवशी सकाळी जो भाग वाचतात तो यशयाचाच, तोच 58वा अध्याय. लोक विचारतात, आम्ही उपास केला तरी देव बघत का नाही? आणि संदेष्टा उलट विचारतो, मान खाली घालून गोणपाटावर बसलात म्हणजे झाला का उपास? मला हवाय तो उपास म्हणजे उपाशी माणसाला आपल्या भाकरीतली भाकरी देणं, उघड्याला वस्त्र देणं. आणि याच अध्यायाच्या शेवटी तो शब्बाथला सुख म्हणा, असं सांगतो. म्हणजे कोंबडीच्या रश्श्याचं आणि उपासाचं मूळ एकाच पानावर आहे, आणि दोन्हींच्या मध्ये एक उपाशी माणूस उभा आहे. इतकी वर्षं हे वाचन कानावरून जात होतं. त्या दिवशी पोट रिकामं होतं म्हणून असेल, नीट ऐकू आलं.

घरी आले तेव्हा आई पांढऱ्या साडीत टेबलाशी बसली होती. समोर टोपण, भाताचं भांडं, ग्लुकोमीटर आणि प्रार्थनेचं पुस्तक. एक टोपण भात खायचा, मग घड्याळाकडे बघत प्रार्थना पुढे न्यायची, काटा नऊ मिनिटं सरकला की पुन्हा टोपण. मी तिच्याशी बोलायला लागले तर तिने हाताने थांबवलं. तिला मोजायचं होतं. साठ वर्षांची बाई इतक्या एकाग्रतेने वरणभात खाताना मी पाहिली नव्हती. एरवी ती ओट्याशी उभं राहून, उरलेलं, एका हाताने डबे बंद करत खाते.

संध्याकाळी ती रिक्षाने शेवटच्या प्रार्थनेला आली. रिक्षाही डॉक्टरांच्या हुकमाने. साखर 118.

किप्पुरच्या दुसऱ्या दिवसाला आमचे जुने लोक शिळा सण म्हणायचे. दारं उघडायची, एकमेकांकडे जायचं, गोरगरिबांना दान द्यायचं. आता तो फारसा कुणी पाळत नाही. आईने गेल्या वर्षी पाळला. जिन्याखाली झोपणाऱ्या आजोबांना डबा दिला आणि उरलेला भात मला फोडणीला टाकायला सांगितला.

यंदा श्रावण सरायच्या आत तिने स्वतःहून डॉक्टरांची वेळ घेतली. परवा मुलुंडच्या मावशीचा फोन आला होता. तिलाही इन्सुलिन सुरू झालंय, आणि तीही ऐकत नाहीये. आई बराच वेळ दार लावून तिच्याशी बोलत होती. बाहेर आली आणि मला म्हणाली, "खोकल्याच्या औषधाची अजून एक बाटली आण गं. आणि ती तुझी नेलपेंट कुठेय?"